उपग्रहाच्या फोटोत रान पांढरं दिसतंय – क्षार, चुनखड की आणखी काही?

भीमाकाठ – ५ एप्रिल, रात्री ९:१२

राम राम मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या मोहोळ तालुक्यातल्या रानाला लागून चार एकर विकायला निघालंय. उजनीच्या कालव्याखालचं, पंधरा-वीस वर्षं नुसता ऊस. मालक मुलाकडं सोलापुरात राहायला गेले, वाटेकऱ्यानं दोन वर्षांपूर्वी सोडलं, तेव्हापासून पडून आहे. एजंट म्हणतो, "काळी कसदार आहे, डोळे झाकून घ्या." डोळे झाकायला सांगितलं की माझे आपोआप उघडतात. गुगल अर्थ लावून बघितलं, तर विहिरीजवळ ईशान्य कोपऱ्यात पाऊण एकराचा पांढराफेक डाग. बाकी रान तपकिरी. ओढ्याकडची बाजू मात्र अशी काळीशार, की बघूनच नांगर घालावा वाटेल.

एजंटला फोटो दाखवला. तो म्हणाला, "ते उजेडाचं आहे हो, कॅमेऱ्यावर ऊन आलंय."

थोरले बंधू म्हणतात, पांढरं तेवढं वजा करून सव्वातीन एकराचे पैसे दे. मला ते पटत नाही, कारण क्षार असले तर ते पाऊण एकरावर गप्प बसतील कशावरून? तर विचारायचं एवढंच, की वरच्या फोटोवरून जमीन खारवट आहे का नाही हे कळतं का, आणि कळत असेल तर त्यावर पैसे लावण्याइतका भरवसा ठेवावा का?

चटणी_भाकरी – ५ एप्रिल, रात्री ९:२०

एप्रिलच्या सोलापुरात उपग्रहाला पण गॉगल लावावा लागणार म्हणजे.

गुंठामंत्री – ५ एप्रिल, रात्री ९:४१

ईशान्येला पांढरं असणं वास्तूला चांगलं असतंय. घेऊन टाका.

खोरं_फावडं – ५ एप्रिल, रात्री १०:०५

जमीन बघायला सातशे किलोमीटर वर कशाला जाताय? चप्पल काढा आणि रानातनं चाला.

खारवट असली तर वर पांढरा पापुद्रा दिसतो, पाय ठेवला की कुरकुरतो आणि खालची माती भुसभुशीत लागते. चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडून घट्ट झालेली, असली तर उलटं. पाऊस झाला की चार-चार दिवस पाणी उभं, वाळली की दगड. ढेकूळ टाचेनं फुटत नाही, कुळव वरनं घसरत जातो. बांधावर लव्हाळा माजलाय का बघा, ओढ्यात पाणकणीस उभं आहे का बघा. बाकी काही उगवत नाही आणि वेडी बाभूळ तेवढी हिरवीगार, असं असेल तर मागं फिरा. आमचे आजोबा चिमूटभर माती जिभेवर ठेवून सांगायचे. खारट लागली तर बरं म्हणायचे, कडू लागली तर थुंकून घरी यायचे.

पुणेकर_झालेला – ५ एप्रिल, रात्री १०:३०

काका, आता मातीत तणनाशक किती असतंय बघता जीभ लावायचं धाडस कुणी करू नये.

नकाशेवाला – ६ एप्रिल, सकाळी ८:१५

मूळचा उत्तर सोलापूरचा, पोटापाण्याला उपग्रहाची चित्रं वाचतो, म्हणून दोन शब्द.

काकांचं चप्पल-शास्त्र चार एकराला पुरतं, जिल्ह्याला पुरत नाही. देशात ६७ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित आहे हा जो आकडा सगळीकडं दिसतो, तो लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून आणि त्यांच्या जोडीला घेतलेल्या मातीच्या नमुन्यांवरून निघालाय. हैदराबादची सुदूर संवेदन संस्था, कर्नालची मृदा क्षारता संस्था, नागपूरचा मृदा सर्वेक्षण ब्यूरो अशा सगळ्यांचं ते काम. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ६ लाख हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त चोपण. पण ते नकाशे १:२,५०,००० प्रमाणाचे. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे रानातले अडीचशे मीटर. तुमचे चार एकर म्हणजे सव्वाशे मीटर बाजूचा चौकोन. त्या नकाशावर तो पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जाईल.

आता तसं नाही. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवं. एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटर. युरोपवाल्यांनी काही गुंठा डोळ्यासमोर ठेवून उपग्रह सोडला नसेल, पण सातबारावाल्या माणसाला याहून सोयीचा ठिपका मिळणार नाही. तुमचं रान म्हणजे १६० ठिपके.

आता अडचण सांगतो. कॅमेऱ्याला मीठ दिसत नाही, त्याला फक्त उजळपणा दिसतो. उघडा मुरूम उजळ, चुनखड उजळ, वाळलेलं पाचट उजळ, शेडनेट उजळ, कच्चा रस्ता उजळ. साध्या मिठाची, म्हणजे सोडियम क्लोराइडची, प्रकाशात स्वतःची अशी ओळखखूण जवळजवळ नसतेच. जिप्समची आणि चुन्याची असते, पण ती टिपायला बारीक पट्ट्यांचे हायपरस्पेक्ट्रल कॅमेरे लागतात. सेंटिनेलचे पट्टे त्या मानानं रुंद. त्यामुळं एका फोटोतला एक पांढरा डाग बघून मी तर हो पण म्हणणार नाही आणि नाही पण.

आणि ह्याच्या उलटही होतं, ते रात्री लिहितो. ऑफिसला उशीर होतोय.

मालदांडी – ६ एप्रिल, सकाळी ९:५०

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातनं लिहितोय. आमच्याकडं कालवा नव्हता तेव्हा आम्हाला लोक हसायचे. आता हिशेब करून दाखवतो, मग हसा.

उसाला वर्षाला पाटानं दोन मीटर पाणी जातं असं धरा. कमीच धरलंय, मोकाट भिजवणारे त्याहून जास्त सोडतात. एकराला झाले ८० लाख लिटर. पाणी गोड म्हणावं असं, लिटरमागं अर्धा ग्रॅम क्षार असलेलं. तरी वर्षाला एकरी चार टन क्षार रानात आले. ऊस पाणी पितो, मीठ पीत नाही, ते मागं ठेवतो. कालवा बंद झाला की माणूस विहीर चालू करतो. तिचं पाणी तिप्पट खारं असलं तर बारा टन. आणि आपला पाऊस किती, सालाला साडेपाचशे मिलिमीटर, तोसुद्धा धड पडला तर. खालून निचरा नसेल तर हे मीठ जायचं कुठं?

उसाला मातीतल्या क्षारांचा आकडा (ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, डेसिसीमेन प्रति मीटरमध्ये) १.७ च्या वर गेला की उतारा घटायला लागतो. कांद्याला १.२. आणि ज्वारीला? ६.८. देवानं सोलापूरला कोणतं पीक दिलं होतं ते आकडाच सांगतो.

चटणी_भाकरी – ६ एप्रिल, सकाळी ९:५८

मालदांडीदादा, हुरड्याला कधी बोलावताय तेवढं सांगा. आकडे नंतर बघू.

नीरा_उजवा – ६ एप्रिल, सकाळी ११:२०

हे दुखणं आजचं नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ ला सुरू झालं. जेमतेम पंचवीस वर्षं झाली, आणि १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्याला नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पत्रिका काढावी लागली. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्याबरोबर हे काम केलं. तेव्हा ना उपग्रह ना विमान. माणसांनी खड्डे घेऊन पाण्याची पातळी मोजली, माती तपासली आणि कारण शोधलं: पाणी दिलं, निचरा दिला नाही. आम्ही माळशिरसवाले शंभर वर्षांनी तेच करतोय, फक्त आता फोटो रंगीत आहेत.

माढ्याची_आक्का – ६ एप्रिल, दुपारी २:४५

भीमाकाठ दादा, आमचं सांगते, उपयोग झाला तर बघा.

आमचं सहा एकर, त्यातलं खालच्या अंगाचं दोन एकर गेलं होतं. गेलं म्हणजे एका दिवसात नाही. पहिल्या वर्षी उसाचे चार-दोन डोळे उगवले नाहीत, आम्ही बेण्याला दोष दिला. दुसऱ्या वर्षी खोडवा पिवळा पडला, खताला दोष दिला. तिसऱ्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "अगं जमिनीनं तोंड पांढरं केलंय, आता तरी बघ." तेव्हा खड्डा घेतला, तर अडीच फुटावर पाणी. ऊस पाण्यावर उभा होता आणि आम्ही वरनं आणखी पाणी देत होतो.

मुलगा पुण्यात शिकतो. त्यानं लॅपटॉपवर जुने फोटो लावले, एका वर्षाचा एक. आठ वर्षं एकामागं एक बघितली आणि माझ्या पोटात कालवलं. तो डाग पहिल्यापासूनच होता. आधी चार गुंठे, मग दहा, मग अर्धा एकर, दरसाल वरच्या अंगाला सरकत. आमचं रोजचं येणं-जाणं त्या बांधावरनं, पण रोज बघणाऱ्याला लेकराची उंची वाढलेली दिसत नाही, तसं झालं.

मग पाइप टाकले. साडेतीन-चार फुटावर भोकाचे पाइप, वर गाळणीसाठी जाळी, उतार ओढ्याकडं. पहिल्या पावसाळ्यात पाइपच्या तोंडातनं पाणी आलं ते बघायला सगळी वस्ती जमली होती. आता त्या दोन एकरात पीक येतं. वरच्या चार एकराइतकं नाही, पण येतं.

पुणेकर_झालेला – ६ एप्रिल, दुपारी ३:१०

आक्का, हे 'वर्षाचा एक फोटो' कुठं बघायचं? मी एका ड्रोनवाल्याला पैसे देऊन बसलोय. त्यानं रंगीत नकाशा दिला, लाल-पिवळा-हिरवा, आणि प्रत्येक तुकड्यावर क्षारतेचा आकडा, ३.७, ४.२ असा. दिसायला झकास. पण शेतात मातीचा एक खडा उचलला नाही त्या गड्यानं.

नकाशेवाला – ६ एप्रिल, रात्री ९:३०

पुणेकर, मातीला हात न लावता आकडा दिला असेल तर त्याला नुसता रंगच समजा. चित्रातला उजळपणा आणि प्रयोगशाळेतली क्षारता यांची सांगड आधी त्याच भागातल्या नमुन्यांवर घालावी लागते. पंजाबात बसवलेलं गणित आपल्या काळ्या मातीवर चालत नाही. त्याच्याकडून नमुन्यांचा कागद मागा. नसेल तर नकाशा भिंतीला लावा, पैसे परत मागा.

फुकटात बघायचं तर गुगल अर्थचं कॉम्प्युटरवरचं रूप घ्या. त्यात वर घड्याळाचं बटण आहे, दाबलं की जुने फोटो येतात. सेंटिनेलसाठी कोपर्निकस ब्राउझर, त्यात एनडीव्हीआय आयतं मिळतं. एनडीव्हीआय म्हणजे पीक किती हिरवं आणि दाट, त्याचं माप. झाड तांबडा प्रकाश पिऊन टाकतं आणि अवरक्त परत फेकतं, दोन्हीच्या फरकाला बेरजेनं भागायचं. उसाचं रान असेल तर मीठ शोधू नका, कारण उसाखाली ते दिसणारच नाही. त्यापेक्षा आजारी ऊस शोधा. एकाच जागचे ठिपके पाच वर्षं सलग मागं राहत असतील तर दोष बेण्यात नाही, जागेत आहे. एकाच वर्षी मागं राहिले तर मोटर जळली असेल.

सकाळी अर्धवट सोडलेलं आता सांगतो. सगळे क्षार पांढरे नसतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची क्लोराइडं हवेतला ओलावा धरून बसतात, ती जमीन सतत ओलसर, गडद दिसते. आणि चोपण जमिनीत तर सोडियममुळं मातीतलं कुजकं द्रव्य विरघळून वर येतं, वाळलं की काळा थर धरतो. वरून बघितलं तर कसदार काळी आणि ही चोपण काळी सारखीच दिसते.

भीमाकाठ, तुमच्या पांढऱ्या डागाची मला तेवढी काळजी नाही. ओढ्याकडची ती 'नांगर घालावा वाटेल अशी' बाजू मात्र मला बघायची आहे. रानाचं ठिकाण व्यनिनं (व्यक्तिगत निरोपानं) पाठवा.

गुंठामंत्री – ६ एप्रिल, रात्री १०:०२

विनोद बाजूला ठेवून बोलतो, धंदा जमिनीचाच आहे आमचा. असे फोटो चव्हाट्यावर मांडून लोकांच्या जमिनीचे भाव पाडू नका. उद्या बँकेनं नकाशा उघडला आणि 'हे गाव क्षारपड' म्हणून पीककर्ज अडवलं तर कुणाच्या नावानं ओरडायचं? वरून डाग दिसला म्हणून सगळी वस्ती बदनाम.

माढ्याची_आक्का – ६ एप्रिल, रात्री १०:२५

बदनामीची भीती आम्हालाही होती, म्हणूनच तीन वर्षं गप्प बसलो आणि दोन एकर घालवलं. पण तुमचं एक खरं आहे. गावाच्या नावानं शिक्का मारू नये. आमच्यात त्याच गटात वरच्या अंगाची जमीन सोन्यासारखी आहे.

लॅबवाला – ७ एप्रिल, सकाळी ७:४०

माती तपासणीचं काम करतो, म्हणून एक इशारा. मालदांडींनी १.७ आणि ६.८ लिहिलंय, ते बरोबर आहे, पण ते संपृक्त लगद्यातून, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून केलेल्या लगद्यातून, काढलेल्या अर्काचे आकडे. खारवट जमिनीची ४ ची जी मर्यादा पुस्तकात असते तीपण तशीच. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर जो ईसी येतो तो मातीत अडीचपट पाणी घालून मोजलेला. पाणी जास्त, म्हणून आकडा लहान. रोज कुणीतरी पत्रिका घेऊन येतो, "साहेब, ईसी १.६ आलाय, ४ च्या आत आहे, म्हणजे जमीन चांगली." त्या मोजणीत १ च्या वर गेलं की सावध व्हायचं असतं.

दुसरं, ईसी एकटा बघू नका. ईसी कमी, सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमय सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. ईसी जास्त आणि सोडियम कमी, ती खारवट. दोन्ही जास्त, तर दोन्ही दुखणी एका घरात. औषध वेगळं आहे म्हणून हे सांगतोय. खारवट जमिनीला जिप्समची गरजच नसते, तिला निचरा आणि धुवायला गोडं पाणी पाहिजे. चोपणीला निचऱ्याच्या जोडीनं जिप्सम. लोक पांढरं दिसलं की जिप्समची पोती उतरवतात.

खोरं_फावडं – ७ एप्रिल, सकाळी ८:३०

लॅबवाले, ॲसिडचे थेंब टाकून चुनखड ओळखता येते म्हणतात, ते भीमाकाठला सांगा की. फसफसलं तर चुनखड, नाही तर क्षार.

लॅबवाला – ७ एप्रिल, सकाळी ८:५२

काका, सोलापुरातली बहुतेक काळी माती फसफसते. चुना सगळीकडंच आहे. फसफसलं म्हणजे चुना आहे एवढंच कळतं, क्षार नाहीत असं कळत नाही. घरच्या घरी करायचं तर ग्लासाची परीक्षा करा. वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. पाणी गढूळ होऊन दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळच राहिलं तर सोडियमचा संशय घ्यायचा. नळाचं पाणी घेऊ नका, त्यातले क्षार मातीला खाली बसवतात आणि फसगत होते.

मालदांडी – ७ एप्रिल, सकाळी ९:१५

बॅटरीचं पाणी, गाळणीची जाळी, जिप्समची पोती. ज्वारी पेरा, झोप लागेल.

चटणी_भाकरी – ७ एप्रिल, सकाळी ९:१८

ज्वारीची काढणी कधी केलीय का दादा हातानं? झोप तर लागतेच, उठवत नाही नंतर.

नकाशेवाला – ९ एप्रिल, रात्री १०:४८

भीमाकाठ यांच्या परवानगीनं इथंच लिहितो, ठिकाण सांगत नाही.

पांढरा डाग आधी. २०१६ च्या फोटोत तो नाहीच, २०१७ च्या उन्हाळ्यात एकदम उगवलाय. कडा सरळ, एक बाजू तर फूटपट्टीनं आखल्यासारखी. क्षार असं वागत नाहीत. ते कडेनं विरत जातात, ओलाव्याच्या वाटेनं बोटं पसरल्यासारखे. शिवाय क्षाराचं येणं-जाणं असतं. फेब्रुवारीनंतर जमीन वाळायला लागली की केशाकर्षणानं वर चढतात, मार्च ते मेमध्ये झळकतात, पहिल्या दोन मोठ्या पावसांत धुऊन खाली जातात. हा डाग मेमध्ये जेवढा पांढरा, ऑक्टोबरमध्येही जवळजवळ तेवढाच. माझा अंदाज, कुणीतरी काहीतरी आणून पसरलंय.

आता ओढ्याकडची बाजू. ऊस उभा होता त्या काळातले सहा फेब्रुवारी घेतले आणि एनडीव्हीआय लावून बघितलं. सुरुवातीला ओढ्यालगतचे दहा-बारा ठिपके बाकी रानापेक्षा मागं, शेवटच्या वर्षी तीस-पस्तीस. म्हणजे चार एकरातला पाऊण एकर किंवा थोडं जास्तच, वरच्या अंगाला सरकत, आक्कांनी सांगितलं अगदी तसं. वाटेकऱ्यानं रान का सोडलं असेल ते मला नागपुरात बसून दिसतंय. आता तुम्ही जाऊन खणा. दोन्ही जागी, आणि मधल्या चांगल्या रानातही, नाहीतर तुलना कशाशी करणार? वरचा एक वीत आणि खालचा दोन-तीन फुटाचा, असे थर वेगळे ठेवा.

भीमाकाठ – १३ एप्रिल, रात्री ९:३०

खणून आलो.

पांढरा डाग म्हणजे मुरूम! विहिरीची खोदाई वाढवली तेव्हा निघालेला मुरूम मालकानं कोपऱ्यात पसरून दिला होता, ट्रॅक्टर वळवायला. शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी सांगितलं, वर हसल्या पण. एक वीत उकरलं की खाली चांगली काळी. म्हणजे बंधूराज ज्या पाऊण एकराचे पैसे कापायला निघाले होते, तो तुकडा ठणठणीत.

ओढ्याकडं गिरमिट घातलं. पहिला फूटभर इतकं घट्ट, की दोघं लोंबकळलो. दीड फुटाच्या खाली माती मेणासारखी, गिरमिटाच्या पात्याला चिकटून चकाकणारी, बोटानं निरपून काढावी लागली. तीन फुटाला पाणी आलं. वरचा थर काळा कुळकुळीत, वाळलेल्या ठिकाणी पापुद्र्याची टोकं वर वळलेली, हातात घेतलं तर बोटं काळी झाली.

तीन ढेकळं आणून बॅटरीच्या पाण्यात सोडली, तीन ग्लास स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर. मधल्या रानाचं ढेकूळ विस्कटून तळाला बसलं, वर पाणी नितळ. विहिरीजवळचं तसंच. ओढ्याकडच्या ढेकळाभोवती पाच मिनिटांत धुराचं वलय फिरायला लागलं, तासाभरात ग्लास चहाच्या रंगाचा. सकाळी उठून बघितलं तर तसाच चहा. आमच्या मंडळींनी पण बघितलं आणि मला विचारलं, आता ह्या ग्लासात पाहुण्यांना काय देऊ.

नमुने प्रयोगशाळेत दिलेत.

चटणी_भाकरी – १३ एप्रिल, रात्री ९:३६

एजंटला द्या त्या ग्लासात. ऊन लागलंय म्हणून.

भीमाकाठ – २४ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

रिपोर्ट आला. विहिरीजवळ मुरमाखालची माती: सामू ८.१, ईसी ०.४. मधलं रान: ८.२, ०.४. ओढ्याकडचा वरचा थर: सामू ९.१, ईसी ०.८, विनिमय सोडियम २२ टक्के. ईसीवर तर जमीन पास झाली असती! लॅबवाले, तुमचा इशारा नसता तर मी पेढे वाटले असते.

एजंटला मुरमाचं सांगितलं तर म्हणाला, "बघा, मी म्हणालो नव्हतो का, डाग-बिग काही नाही. आता पुऱ्या चार एकराचा भाव." मग दुसरा कागद पुढं केला. तो म्हणाला, मालकाशी बोलून सांगतो. चार दिवस फोन नाही.

लॅबवाला – २४ एप्रिल, रात्री ८:१५

उघड चोपण. जिप्सम किती लागेल ते वेगळं काढून घ्या, अंदाजानं टाकू नका. आणि पाणी तीन फुटावर उभं असेल तर जिप्समनं सुटलेला सोडियम खाली जायला वाटच नाही. आधी निचरा, मग जिप्सम वरच्या थरात मिसळून पाणी, त्यानंतर धैंचा, म्हणजे हिरवळीचं खत, गाडा. क्रम उलटा केला तर पैसे ओढ्यात. ओढ्यात गेले तरी बरं म्हणा, तेवढा तरी निचरा आहे असं होईल.

माढ्याची_आक्का – २४ एप्रिल, रात्री ८:५०

दादा, व्यवहार करायच्या आधी एक बघा. ओढ्याचा तळ तुमच्या पाइपपेक्षा खाली आहे का? पाइप चार फुटावर आणि ओढा दोन फुटाचा, असं असेल तर पाणी उलटं रानात येईल. आमचं काम ओढा खोल होता म्हणून झालं.

भीमाकाठ – २५ एप्रिल, सकाळी ७:३०

आक्का, ओढा कसला, गाळानं भरलेला पाट झालाय. पाणकणीस माणूसभर. पाणी पुढं सरकतच नाही.

नकाशेवाला – २५ एप्रिल, रात्री ९:१०

मी आधी तुमच्याच रानात बघत बसलो होतो, ओढ्याच्या खाली गेलोच नव्हतो. आता गेलो. २०१४ च्या फोटोत ओढा तुमच्या बांधापासून खाली अर्धा किलोमीटर झाडोऱ्यातनं सरळ दिसतोय. २०२१ च्या फोटोत साधारण दोनशे मीटर गेलं की ओढाच नाही. झाडं नाहीत, वळण नाही, त्या जागी उसाच्या सऱ्या. कुणीतरी ओढा बुजवून रान सपाट केलंय. तुमच्याकडचे आजारी ठिपके त्यानंतरच झपाट्यानं वाढलेत. पाणी तिथं अडतंय.

ते शेत कुणाचं आहे ते काढा. तो ओढा मोकळा करायला तयार असेल तर चार एकर घ्या, थोडा भाव पाडून. नसेल तर फुकट मिळालं तरी विचार करा.

खोरं_फावडं – २५ एप्रिल, रात्री ९:३५

हे मात्र चप्पल काढून दिसलं नसतं. मानलं.

भीमाकाठ – २५ एप्रिल, रात्री १०:२०

काढायची गरज नाही, माहीत आहे. मेहुण्याचं आहे.

माढ्याची_आक्का – २५ एप्रिल, रात्री १०:२४

सख्ख्या?

भीमाकाठ – २५ एप्रिल, रात्री १०:२६

सख्ख्या. आणि आमच्या मंडळी हा धागा वाचतायत.

चटणी_भाकरी – २५ एप्रिल, रात्री १०:२७

मालदांडीदादा, चार एकर ज्वारीचं बियाणं बाजूला काढून ठेवा.